जिनिंगच्या सीझनमध्ये डी ड्राइव्ह भरला : टॅली बॅकअपचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातली एक जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. गाव-नाव सांगत नाही, ज्यांना ओळखू येईल त्यांनी मनातच ठेवा. मी तिथले कॉम्प्युटर बघतो, म्हणजे महिन्यातून एखादी चक्कर आणि बाकी सगळं फोनवर. ऑफिसात तीन मशीन, त्यातलं एक सर्व्हर म्हणायचं, खरं तर साधाच पीसी आहे फक्त त्याच्यावर टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा आहे आणि बाकीचे दोन नेटवर्कवरून त्यालाच लागलेत.

जिनिंगचा डेटा किराणा दुकानासारखा नसतो हे आधी सांगतो. दिवाळी झाली की गाड्या लागतात, ट्रॅक्टर, पिकअप, छोटा हत्ती, आणि प्रत्येक शेतकऱ्याची वेगळी काटा पट्टी, म्हणजे वजनाची पावती. शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला तर जीएसटी शेतकऱ्याने नाही, घेणाऱ्याने भरायचा, रिव्हर्स चार्ज, हे १५ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. त्यामुळे प्रत्येक पट्टीची खरेदी एंट्री नीट पडलीच पाहिजे, दिवसभराचं एकत्र करून लिहिलं असं चालत नाही. जोरात सीझन असला की इथे दिवसाला साठ-सत्तर पट्ट्या होतात. गाठी आणि सरकीची विक्री बिलं त्यामानाने थोडी.

जुलैत त्या पीसीत मी २४० जीबीची एसएसडी टाकली. विंडोजमध्ये ती २२३ जीबीच दिसते, ते नेहमीचंच, विकणारा हजाराने मोजतो आणि विंडोज १०२४ ने. त्यात सी ड्राइव्ह १२० चा केला, डी १०३ चा. डी वर टॅलीचा डेटा, आणि डी वरच बॅकअपचं फोल्डर. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण इथूनच आहे.

बॅकअपसाठी मी एक बॅच फाइल, म्हणजे ठरलेल्या कमांड आपोआप चालवणारी फाइल, लिहून दिली होती. टास्क शेड्यूलरमधून दुपारी २ ला आणि संध्याकाळी ७ ला चालायची, टॅलीचं अख्खं डेटा फोल्डर झिप करायची आणि झिपला तारखेचं नाव द्यायची, दिवस-महिना-वर्ष, आपण लिहितो तसं. जुनं काढायचं काही त्यात नव्हतं. मनात होतं की पुढच्या चकरेला टाकू. पुढच्या चकरेला प्रिंटर बिघडलेला होता, त्याच्या पुढच्या चकरेला काट्याचा डिस्प्ले.

अडचण

१८ जानेवारीला दुपारी चारच्या सुमारास ऑपरेटर पोराचा फोन. "दादा, टॅली एंट्रीच घेत नाही, काहीतरी एरर येऊन राहिली." मी भुसावळला दुसऱ्या कामात होतो, म्हटलं मशीन रिस्टार्ट कर आणि डी ड्राइव्ह किती मोकळा आहे बघून सांग. तो म्हणे डी लाल आहे. लाल तर तो डिसेंबरपासूनच होता, हे नंतर कळलं. रोज सगळ्यांना दिसत होता पण भरत आलेल्या ड्राइव्हची स्क्रीनवरची रेघ लाल आहे म्हणून काट्यावरची गाडी थांबत नाही ना.

मी म्हटलं, "जुने बॅकअप असतील ते काढ थोडे." एवढंच बोललो आणि फोन ठेवला. कोणते, किती, कसे ओळखायचे, काही सांगितलं नाही.

पोरगा हुशार आहे. त्याने फोल्डर उघडलं, चारशेच्या आसपास झिप, नावाने लावलेल्या. वरून ०१-०१, मग ०१-०७, ०१-०८ असं दिसत होतं. त्याला वाटलं वरचे ते जुने. अर्धे सिलेक्ट केले आणि शिफ्ट-डिलीट मारलं, कारण रीसायकल बिनमध्ये गेलं तर जागा मोकळी होत नाही हे त्याला माहीत होतं, आणि बरोबरच होतं ते.

आता बघा काय झालं. नाव दिवसापासून सुरू होतंय म्हटल्यावर कॉम्प्युटर त्यांना तारखेच्या क्रमाने लावतच नाही, सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकत्र, मग सगळ्या २ तारखा, असं चालतं. वरचे अर्धे म्हणजे जुलैपासून जानेवारीपर्यंत प्रत्येक महिन्याचे १ ते १५ तारखेचे बॅकअप. म्हणजे १ जानेवारी ते १५ जानेवारी सगळं साफ, आणि मागच्या जुलैच्या २० तारखेचा, ज्याला कोणी विचारत नाही, तो जागेवर मस्त बसलेला.

जागा चाळीस जीबी मोकळी झाली, पण टॅलीतली कंपनी, म्हणजे हिशोबाची वही, उघडेना. डिस्क भरलेली असताना एंट्र्या लिहिल्या जात होत्या, काही फायली अर्धवट राहिल्या. यात सॉफ्टवेअरचा दोष काढण्यात अर्थ नाही, कागद संपला तर लिहिणारा तरी काय करणार.

मी सातला पोचलो. मुनीम, त्यांना सगळे नाना म्हणतात, दारातच उभे. "काय व्हयनं भाऊ? बठ्ठं गयं का?" म्हणजे सगळं गेलं का. मी म्हटलं नाना, आधी चहा सांगा.

नेमकं काय शिल्लक होतं

पहिलं काम मी हे केलं की बिघडलेलं डेटा फोल्डर जसंच्या तसं माझ्या बाहेरच्या डिस्कवर कॉपी केलं. ऑपरेटर म्हणत होता की दादा १६ तारखेचा बॅकअप आहे, टाकून देऊ त्याच्यावर. नाही. बिघडलेल्या डेटावर बॅकअप रिस्टोर केला आणि तो बॅकअपच खराब निघाला तर हातात काहीच उरत नाही. रिस्टोर नेहमी वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये करायचा.

मग मोजदाद. १७ जानेवारीच्या दोन्ही झिप शून्य केबी. १६ ची संध्याकाळची पण शून्य. म्हणजे बॅकअप १६ च्या संध्याकाळपासूनच बंद होता. झिप करायला पावणेतीनशे एमबी लागत होते, तेवढी जागा नव्हती, पण एंट्र्यांना आणि काट्यावरच्या कॅमेऱ्याच्या फोटोंना थोडी थोडी पुरत होती, म्हणून दोन दिवस काम चालू राहिलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. बॅकअप गुपचूप मेला होता.

१६ ची दुपारी २ ची झिप पूर्ण होती, २७० एमबी, बघून जीवात जीव आला. उघडली तर कंपनी लोड होईना. कारण दुपारी २ ला जेवायला जाताना कोणी टॅली बंद करत नाही, तिन्ही मशीनवर कंपनी उघडी, आणि बॅच फाइल चालू डेटाच ओढून झिप करते. संध्याकाळचे बॅकअप चांगले निघायचे कारण सातपर्यंत दोघे घरी गेलेले असायचे. म्हणजे निम्मे बॅकअप पहिल्या दिवसापासूनच भरवशाचे नव्हते, आणि मी कधी एकही उघडून बघितला नव्हता.

डिलीट झालेले परत आणायचा प्रयत्न रात्री दहापर्यंत केला. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असती तर काहीतरी मिळालं असतं, एसएसडीमध्ये ट्रिम चालू असतं, डिलीट केलेली जागा ती स्वतःच आतून पुसून टाकते. काही मिळालं नाही.

पक्का चांगला असा ३१ डिसेंबर संध्याकाळचा बॅकअप होता. तेवढ्यात नाना म्हणाले, "माझ्या पेन ड्राइव्हात असेल बघा." देवाच्या फोटोखालच्या ड्रॉवरमध्ये, किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेला १६ जीबीचा पेन ड्राइव्ह. नाना आठवड्यातून एकदा, आठवलं तर, टॅलीतूनच आल्ट वाय दाबून बॅकअप घ्यायचे आणि मागचा काढून टाकायचे. त्यात ९ जानेवारीचा होता. उघडला. ट्रायल बॅलन्स जुळला.

पर्याय आणि निर्णय

इथे पहिला मोठा निर्णय होता. बिघडलेल्या डेटाच्या कॉपीवर मी रिपेअर चालवलं होतं आणि ती कंपनी उघडली होती. शेठ पाठीमागे उभे, त्यांना १८ तारखेपर्यंतचा डेटा स्क्रीनवर दिसत होता. ते म्हणाले, उघडलं ना, मग आता ९ तारखेचं कशाला घेऊन बसलात? माणूस म्हणून बरोबर आहे त्यांचं. २० तारखेला जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याचा जीएसटी रिटर्न, भरायचा, बाहेर गाड्या लागलेल्या.

मी काट्याचं रजिस्टर मागितलं. १२ जानेवारीच्या पट्ट्या मोजल्या, ७१. रिपेअर केलेल्या कंपनीत त्या दिवसाच्या खरेदी एंट्र्या ५८. तेरा शेतकरी गायब, आणि हे एकाच दिवसाचं. बाकीच्या दिवसांत किती गायब ते प्रत्येक दिवस मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि मोजूनही रकमा बरोबर आहेत का हे वेगळंच. अशा डेटावर पुढचं वर्षभर काम करायचं म्हणजे पोखरलेल्या लाकडावर छप्पर टाकण्यासारखं.

शेठना ते आकडे दाखवले, ते दोन मिनिट गप्प बसले आणि म्हणाले, ९ चंच घ्या.

मग ठरलं असं की ९ चा बॅकअप चालू डेटा, १० ते १८ च्या पट्ट्या कागदावरून परत टाकायच्या, रिपेअर झालेली कंपनी बाजूच्या मशीनवर फक्त बघायला उघडी ठेवायची. विक्रीचा प्रश्न सोपा निघाला, गाठींच्या बिलांची ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिलं पोर्टलवरून उतरवली, नंबर आणि रक्कम तिथून पक्की. डिसेंबरचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा रिटर्न, आधीच ११ तारखेला गेलेला. अडकलं कुठे तर डिसेंबरच्या रिव्हर्स चार्जच्या काही एंट्र्या १२-१३ जानेवारीला दुरुस्त केल्या होत्या, त्या ९ च्या बॅकअपमध्ये नव्हत्या. सीएसाहेबांना १५ तारखेला व्हॉट्सअपवर एक एक्सेल गेलेली होती, तिच्याशी ओळ-ओळ ताडून त्या परत केल्या. ३बी २० तारखेला रात्री गेला.

पट्ट्यांना सहा दिवस लागले. दोघं ऑपरेटर आणि एक नानांचा भाचा, दिवसा चालू काम आणि रात्री जुनं, शेवभाजी-भाकरी ऑफिसातच. साडेपाचशेच्या वर एंट्र्या. खर्च म्हणाल तर माणसांची मेहनत आणि माझी इज्जत.

दुसरा निर्णय जागेचा. शेठचं म्हणणं सरळ, "एक टीबीची डिस्क टाका, विषय संपवा." मी कागद घेतला. एक टीबी म्हणजे विंडोजमध्ये ९३१ जीबी, रोजचे दोन झिप म्हणजे साधारण अर्धा जीबी, साडेचार वर्षांत ती पण भरेल आणि डेटा वाढला तर त्याच्याही आधी. बरं ती डिस्क त्याच कॅबिनेटमध्ये. त्या कॅबिनेटचा फॅन मी उघडला तेव्हा त्याला रुईची वात गुंडाळलेली होती, खोटं नाही सांगत, दिवाळीच्या पणतीत टाकता आली असती. आणि जिनिंगला सीझनमध्ये आग लागणं ही काही ऐकीव गोष्ट नाही, कापूस पट्ट्यातल्या लोकांना माहीत आहे. मूळ आणि नक्कल एकाच ठिकाणी जळणार असेल तर नक्कल कशाला काढायची.

छोटे शेठ म्हणाले गुगल ड्राइव्हवर टाकू, फुकट आहे. फुकट १५ जीबी, आपल्या हिशोबाने २७ दिवसात भरणार. आणि ती १५ जीबी जीमेलची पण तीच असते, भरली की मेल येणं बंद होतं. सूतगिरण्यांची ऑर्डर त्याच मेलवर येते. म्हणजे बॅकअपसाठी धंदा बंद.

तिसरं, पंधरा दिवसांपेक्षा जुनं आपोआप काढून टाकायचं, फॉरफाइल्स कमांड विंडोजमध्येच असते, एका ओळीचं काम. मी लिहायला पण घेतली होती. मग डोक्यात आलं की समजा बॅकअप १६ तारखेसारखा गुपचूप बंद पडला, तर काढणारी ओळ चालूच राहील, आणि सोळाव्या दिवशी चांगला एकही बॅकअप शिल्लक राहणार नाही, आणि सगळं अगदी शिस्तीत झालेलं असेल. म्हणून वयावर नाही, मोजून काढायचं ठरवलं. शेवटच्या २८ झिप कायम राहणार, आणि आजची झिप तयार झाली आणि १०० एमबीच्या वर आहे हे तपासल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही.

काय केलं

खरी गंमत जागा कशाने खाल्ली हे बघताना आली. विनडिरस्टॅट, म्हणजे कोणतं फोल्डर किती जागा खातं ते दाखवणारं सॉफ्टवेअर, चालवलं. बॅकअप, डिलीट झालेले धरून, ८० जीबीच्या वर, काट्याचे फोटो १४, आणि पाच जीबी छोट्या शेठच्या लग्नाचा व्हिडिओ. तो आधी सीवर हलवला, तेव्हा ते जरा लाजले.

बॅकअप एवढे मोठे का, तर डेटा फोल्डरमध्ये चालू वर्षाबरोबर २०१७-१८ पासूनच्या सगळ्या बंद झालेल्या वर्षांच्या कंपन्या, भावाच्या फर्मची एक, आणि कोणीतरी शिकायला बनवलेली एक. रोज दोनदा आपण सात-आठ वर्षं झिप करत होतो, ज्यातली एकही बदलत नव्हती. चालू वर्षाचं वेगळं फोल्डर केलं तर झिप २७० वरून १२० एमबीवर आली.

मग हिशोब असा, २८ झिप म्हणजे साडेतीन जीबीच्या आत, दर महिनाअखेरची एक, बारा महिन्यांचे दीड जीबी, आणि जुन्या वर्षांची प्रत्येकी एक झिप, सगळ्या मिळून दीडशे एमबीच्या आत. सहा जीबीत सगळं बसलं. म्हणजे एक टीबी घेणार होतो ते नानांच्या १६ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये मावत होतं.

शेठने विचारलं जुनी वर्षं काढूनच टाकू ना. सीएसाहेबांनी नाही सांगितलं. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशोब ठेवायचेत, २०२२-२३ चं धरलं तर ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत. आणि इलेक्ट्रॉनिक हिशोबाचा बॅकअप असा ठेवायचा की अपघात झाला तरी माहिती वाजवी वेळेत परत उभी करता यावी, असा नियमच आहे, नियम ५७. शंभरेक एमबीसाठी कोण ते डोक्याला लावून घेणार.

बाकी बदल भराभर सांगतो. झिपचं नाव वर्ष-महिना-दिवस. बॅकअप डीवरून सीवर, म्हणजे बॅकअपने जागा खाल्ली तरी चालू डेटाचा श्वास कोंडणार नाही. दुपारचा बॅकअप १:४५ ला, आणि त्याआधी तिघांनी टॅली बंद करून उठायचं. दोन पेन ड्राइव्ह, एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करून, कारण जुन्या फॅट३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल जात नाही आणि कोणी कधी सगळं एका झिपमध्ये टाकेल सांगता येत नाही. एक नानांच्या घरी, एक शेठच्या, बाजाराच्या दिवशी अदलाबदल. महिनाअखेरची झिप तेवढी गुगलवर. डिलीट करायचा अधिकार फक्त नानांना, ते पण मला फोन लावून.

आणि रोज संध्याकाळी जाताना नानांनी काट्याच्या रजिस्टरमध्ये शेवटच्या रकान्यात झिपचा आकडा लिहायचा. स्क्रीनवर मेसेज, मेल, असलं काही ठेवलं नाही. मेसेज बंद करायची सवय लागते, नानांना रजिस्टर कोरं सोडायची सवय नाही. १२०, १२०, १२१, १२१ असे आकडे चालू झाले.

काय वेगळं करता आलं असतं

पोराला कोणी बोललं की मी त्याला बाजूला घेतो. त्याने डिलीट केलं ते माझ्या एका अर्ध्या वाक्यावरून. फोनवर मी "तारखेवर क्लिक कर, मग सगळ्यात जुन्या वीस फायली काढ" एवढं म्हटलो असतो तरी पंधरा जानेवारीचा चांगला बॅकअप हातात असता. किंवा लग्नाचा व्हिडिओ सीवर टाक म्हटलो असतो तरी त्या दिवसापुरतं भागलं असतं, बॅकअपला हात लावायचीच गरज नव्हती. जागा पाहिजे असली की पहिला हात बॅकअपवर जातो कारण ते कोणाचंच नसतं.

आणि जुलैत एसएसडी टाकली तेव्हा एक झिप उघडून बघायला दहा मिनिटं लागली असती. आता दर महिन्याला एक उघडतो, वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि मागच्या आठवड्यातल्या कोणत्याही एका दिवसाच्या पट्ट्या रजिस्टरशी मोजतो. ७१ आणि ५८ वाली सवय.

जास्त पैसे खर्च केले असते तर टळलं असतं का, मला नाही वाटत. मोठ्या डिस्कवर हेच साडेचार वर्षांनी झालं असतं, आणि तेव्हा बॅच फाइल कोणी लिहिली हे पण कोणाला आठवलं नसतं.

त्यानंतर

एप्रिलच्या ४ तारखेला, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, अजून लांब होती, नानांचा फोन. "भाऊ, तीन दिवसापासून १२४ च लिहून राहिलो. काम तर चालू शे."

१ एप्रिलला नवीन वर्षाची कंपनी नवीन फोल्डरमध्ये केली होती, मीच केली होती, आणि बॅच फाइलमध्ये रस्ता जुन्याच फोल्डरचा राहिला होता. रोज संध्याकाळी व्यवस्थित, वेळेवर, १०० एमबीच्या वरची, मागच्या वर्षाची झिप बनत होती. माझी तपासणी तिला पास करत होती. नवीन वर्षाचे तीन दिवस कुठेच नव्हते.

लगेच गेलो. आता ऑडिट होईपर्यंत दोन्ही फोल्डरच्या वेगळ्या झिप होतात, कारण मागच्या वर्षाच्या क्लोजिंगच्या एंट्र्या चालूच असतात. नानांनी फूटपट्टी घेतली आणि रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात मधोमध उभी रेघ मारून त्याचे दोन रकाने केले, अगदी मार्चअखेरच्या कोऱ्या पानांपर्यंत.